कच्चा लिंबू

मराठी मुलांच्या खेळांत एक पद असे आहे की ज्याची नोंद कोणत्याही नियमपुस्तकात नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या ते चालत आले आहे. लगोरी असो, लपंडाव असो की डबा ऐसपैस, धावणाऱ्या मोठ्या मुलांच्या मागे तीन-चार वर्षांचे एखादे पोर फरफटत यायचेच. त्याला घरी धाडावे तर आई रागावणार. खेळात घ्यावे तर ते पहिल्याच फटक्याला बाद होऊन भोकाड पसरणार. मग टोळीतील एखादी थोरली ताई निवाडा द्यायची, "हा कच्चा लिंबू." म्हणजे तो खेळात आहे, तो धावेल, लपेल, सगळ्यांबरोबर ओरडेल, मात्र त्याच्यावर राज्य येणार नाही.

या तोडग्याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. दुबळ्याला वगळायचे नाही आणि त्याच्यासाठी खेळही मोडायचा नाही, अशी ही व्यवस्था आठ-दहा वर्षांच्या मुलांनी आपसांत चालवलेली असे. तिचा आणखी एक गुण असा की ती तात्पुरती होती. एके दिवशी कोणीही जाहीर न करता तो कच्चा लिंबू पिकत असे. त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येई, आणि रडण्याऐवजी त्याची छाती अभिमानाने फुगे.

वसईच्या आमच्या वाडीत हे शिकवायला बाई लागत नव्हत्या. अंगणाला अंगण लागून होते, कुंपणे नावापुरती होती, आणि पाच वर्षांचे मूल दहा वर्षांच्या मुलाच्या हाताखाली आपोआप तयार होई. मी स्वतः तीस वर्षांहून अधिक काळ बालवाडीत शिकवले. माझ्या वर्गात येणारे मूल दुसऱ्यांच्या खेळात कसे शिरावे, आपली पाळी कशी धरावी, कट्टी केल्यानंतर बट्टी कशी करावी, हे अर्धेअधिक अंगणात शिकूनच येत असे. माझ्या वाट्याला गाणी, गोष्टी, मणी ओवणे आणि मातीकाम एवढेच उरायचे. त्या अंगणाची किंमत मला खरी कळली ती निवृत्तीनंतर, मुलाकडे खारघरला राहावयास आल्यावर.

खारघर हे पाहण्यासारखे गाव आहे. एका अंगाला डोंगराची रांग, पावसाळ्यात तिच्यावरून कोसळणारा पांडवकडा, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या सपाटीवर नावांऐवजी क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या नव्या मुंबईचा हा भाग. कोपरा, मुर्बी, ओवे, बेलपाडा ही येथली जुनी गावे. त्यांच्या भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा खारघर तिच्यात आले, आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावू लागली. रविवारी मिस्सा संपल्यावर बाहेर थांबावे तर कोकणी, मल्याळम, तमिळ, मराठी, इंग्रजी असे पाच-सहा भाषांतील कुशलप्रश्न कानांवर पडतात.

येथे रुंद रस्ते आहेत, उद्याने आहेत. परंतु सातव्या मजल्यावरच्या मुलाला उद्यानात जायचे तर बरोबर जायला कोणी मोठे माणूस मोकळे असावे लागते. आईवडील दोघेही नोकरीला, मूल बहुधा एकुलते एक, शेजारचे दार बंद. थोरली मुले शाळा, शिकवणी आणि मोबाईल यांत गुंतलेली. अशा घरातील तीन वर्षांचे मूल आयुष्यात प्रथमच बरोबरीच्या मुलांत बसते ते बालवाडीत, आणि तेथे सगळी त्याच्यासारखीच कच्ची लिंबे असतात! निवाडा देणारी थोरली ताई त्यांच्यात कोणीच नसते. तिची रिकामी जागा मग बाईंकडे येते. बाईंना त्याची जाणीव असो वा नसो, कोण कोणाबरोबर खेळेल आणि कोण भिंतीला टेकून उभे राहील, याचा निकाल त्यांच्या बारीकसारीक सवयींतून लागत असतो. हेच आज मला आपल्या वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

आमच्या घराजवळ काही गृहिणींनी मिळून एक लहानशी बालवाडी चालविली आहे. सकाळी नऊ ते बारा अशी तिची वेळ. पंचवीसेक मुले येतात. काही सोसायट्यांतील, काही जुन्या गावातील, तर काही शेजारी उठणाऱ्या इमारतींवर काम करणाऱ्या मजुरांची. शिक्षिका पंचविशीतील आहे. मुले तिला टीचर म्हणतात आणि मला आजी. मी आठवड्यातून तीन दिवस जाते, एका कोपऱ्यात स्टुलावर बसते, कोणाच्या बुटाची नाडी बांधते, कोणाचे नाक पुसते आणि उरलेला वेळ पाहत राहते. माझ्या नोकरीच्या काळात इतके निवांत पाहणे मला कधी लाभले नव्हते.

मुले एकत्र बसली म्हणजे एकत्र खेळू लागली असे नव्हे. अमेरिकेतील मिनेसोटा येथील एका बालशाळेत मिल्ड्रेड पार्टेन या विदुषीने लहान मुलांचा मुक्त खेळ बारकाईने न्याहाळला आणि १९३२ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत तिने मुलांच्या खेळाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. कोणी नुसते रेंगाळते. कोणी एकटे खेळते. कोणी दुसऱ्यांचा खेळ पाहत उभे राहते. कोणी शेजाऱ्यासारखाच खेळ त्याच्या शेजारी बसून, पण आपला आपण खेळते. मग काही मुले वस्तूंची देवाणघेवाण करीत खेळतात. आणि शेवटी ती कामे वाटून घेऊन, ठरवून, एकच खेळ खेळू लागतात. वाळूच्या हौदाकाठी बसले की या सगळ्या पायऱ्या मला एकाच वेळी दिसतात. दोन मुले पाठीला पाठ लावून दोन वेगळे डोंगर करीत असतात. तिसरा त्यांच्याकडे टक लावून पाहतो. आपली टीचर पहिल्याने तशा मुलाला लगेच हाताला धरून खेळात नेत असे. पुढे तिच्याच लक्षात आले की पाहणारे मूल नेहमीच दुःखी नसते. कधी ते खेळ शिकत असते, आत शिरण्याची फट शोधत असते. त्याला दोन दिवस पाहू द्यावे. मात्र तेच मूल दोन आठवडे तेथेच उभे असेल तर ती फट बाईंनी करून द्यावी लागते. हा फरक कोणतेही पुस्तक तारीखवार सांगू शकत नाही. त्याला रोज पाहणारा डोळाच हवा.

बाई कोठे बसतात यालाही महत्त्व असते. टीचर ज्या कोपऱ्यात जाईल तेथे मुलांची दाटी होते, हे कोणीही पाहू शकेल. परंतु ती फार जवळ आली की आणखी एक गोष्ट घडते. आतापर्यंत एकमेकांशी बोलणारी मुले एकदम तिच्याशी बोलू लागतात. "टीचर, माझा बघा." "टीचर, याने घेतला." दोन मुलांमधला धागा तुटतो आणि प्रत्येकापासून एक धागा टीचरकडे जातो. ती निघून गेली की कधी तो जुना धागा पुन्हा जुळतो, कधी नाही. भांडणाचेही तसेच. लाल डंपरवरून दोघांची ओढाताण सुरू झाली की टीचर आता मनात दहापर्यंत आकडे मोजते. मारामारी नसेल तर दहा म्हणेपर्यंत बहुतेक वेळा काहीतरी तोड निघालेली असते. कोणी डंपर भरणारा होतो, कोणी चालवणारा. तिने पहिल्याच आकड्याला न्याय केला असता तर डंपर एकाला मिळाला असता आणि दुसऱ्याने तो खेळच सोडला असता.

आणि बाईंचा आवाज! मुलांचा 'शाळा-शाळा' हा खेळ ज्या बाई एकदा दाराआडून ऐकतील त्यांना दुसऱ्या तपासनिसाची गरज नाही. आमच्याकडे एक साडेचार वर्षांची चिमुरडी टीचर होऊन बाहुल्यांना आणि दोन गरीब स्वभावाच्या मुलग्यांना शिकवीत होती. तिचे बोट वर करणे, "मी कोणाची वाट पाहतेय?" हे विचारणे, एका बाहुलीला दुसरीजवळ सरकवून "हिला दाखव ना कसे करायचे" असे सांगणे, सगळे हुबेहूब! टीचर लाजून हसली. मी मात्र मनात म्हटले, देवाची कृपा की हिच्या तोंडी हेच शब्द आहेत. कारण हीच मुलगी उद्या भातुकलीत आई होईल तेव्हा नव्या मुलाशी याच शब्दांत बोलेल. मुले आपला उपदेश विसरतात. आपली बोलण्याची ढब मात्र उचलतात.

आता एका मुलीविषयी सांगते. विजापूरकडून इमारतीच्या कामावर आलेल्या लमाण कुटुंबातील ती चार वर्षांची पोर. घरी गोरमाटी बोलायची. मराठीचे पाच-सहा शब्द तिला येत. आमच्याकडे भातुकलीचा एक कोपरा आहे. तेथे चार मुलींचे आणि एका मुलाचे घट्ट बिऱ्हाड जमले होते. ही जवळ गेली की "तू नाही, तुला येत नाही," असे उत्तर मिळे. टीचरने सांगितले, "हिलाही घ्या." मुले आज्ञाधारक होती, त्यांनी घेतले. तिला त्यांनी घरातील मांजर केले. पहिल्या दिवशी ती टेबलाखाली बसून म्याव म्याव करीत होती आणि खुशीत होती. दुसऱ्या दिवशी मांजर. तिसऱ्या दिवशीही मांजर. आठवडा झाला तरी ती टेबलाखालीच. कोणी तिला हाकलत नव्हते, मारत नव्हते. बशीत खोटे दूधही देत होते. बाईंच्या आज्ञेचे पूर्ण पालन झाले होते.

मला तेव्हा आमच्या वाडीतला कच्चा लिंबू आठवला आणि दोहोंतला भेद जाणवला. कच्चा लिंबू उद्या पिकेल हे सगळ्यांना ठाऊक असे. या मांजरीला मात्र बढती नव्हती. दया दाखवून खेळात घेतलेले मूल जर कायमचे टेबलाखाली राहणार असेल, तर त्या दयेत आणि वगळण्यात अंतर फार थोडे. मोठ्यांच्या जगात आपण अशी कितीतरी मांजरे पाळलेली असतात. समारंभाला बोलावतो, बशी पुढे करतो, पण त्यांच्यावर राज्य कधी येऊ देत नाही.

टीचरने पुन्हा आज्ञा केली नाही. तिने दोन दिवस त्या मुलीला बाहेरच्या अंगाने पाहिले आणि तिसऱ्या दिवशी वाळूच्या हौदापाशी चार लहान घमेली, काही फळकुटे आणि जुन्या साडीच्या पट्ट्या ठेवल्या. खारघरची मुले रोज खिडकीतून क्रेन पाहतात. इमारत बांधण्याचा खेळ लगेच रंगला. घमेले डोक्यावर घेतले की ते घसरायचे आणि वाळू डोळ्यांत जायची. ती मुलगी जरा वेळ पाहत राहिली. मग तिने साडीची एक पट्टी उचलली, सराईतपणे पिळली, गोल वळवली, टोक आत खोचले आणि ती चुंबळ डोक्यावर ठेवून वर घमेले चढवले. हात सोडून ती ताठ मानेने हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. भातुकलीच्या घरातील आई धावत आली. "मला पण करून दे." मग एकेक करीत सगळे रांगेत उभे राहिले. भाषेची कोणाला अडचण पडली नाही, कारण शिकवणे हाताने चालले होते. दुसऱ्या आठवड्यात भातुकलीच्या घरात ती मावशी झाली आणि मांजराचे काम एका फिरत्या पाळीवर गेले.

टीचरने येथे केले तरी काय? भाषण केले नाही, कोणाला लाज आणली नाही, त्या मुलीची कीव केली नाही. तिला जे येते त्याची खेळात गरज पडेल, एवढी मांडणी तिने केली आणि ती बाजूला झाली. बालवाडीच्या शिक्षिकेचे सारे कौशल्य या दोन क्रियांत सामावलेले आहे, असे मला वाटते: योग्य वस्तू पुढे ठेवणे आणि योग्य वेळी मागे सरणे. त्या इमारतीचे काम संपल्यावर ते कुटुंब दुसऱ्या कामावर गेले. बांधकामावरील मुलांचे हे असेच असते. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत अशाच मुलांसाठी मोबाईल क्रेशेस हे काम सुरू केले आणि पुढे ते मुंबईतही आले. इमारत हलली की मुले हलतात, तेव्हा पाळणाघरानेही हलावे, हा त्यामागील विचार. आमची ती पोर आता कोठे असेल ते ठाऊक नाही. हौदापाशी चुंबळ वळणे मात्र चालू आहे. तिला कधी न पाहिलेली मुलेही आता ते दुसऱ्यांकडून शिकतात.

हा मार्ग काही नवा नव्हे. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो घालून दिला आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात अनुभव घेतलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. बालवाडी उघडली म्हणून सगळी मुले येतात असे नाही, हे त्यांना लवकरच उमगले. हरिजन वस्तीतील मुले येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या वस्तीतील घराच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातून आला आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि आज तो शब्द देशभर चालतो. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले, खडे ही परिसरातील साधने त्यांनी वापरली. त्यामागे काटकसर तर होतीच. पण ज्या वस्तू मुलाच्या ओळखीच्या असतात त्यांच्यापाशी ते मूल पाहुणे नसते, यजमान असते. चुंबळीने आमच्याकडे हेच केले.

ताराबाईंनी ज्यांच्यापासून पुष्कळ घेतले आणि ते येथल्या मातीत रुजवले, त्या मारिया माँटेसरी या कॅथलिक विदुषीचे नाव आपल्या वाचकांना परिचित असेल. रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले ते ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांना येथेच काढावी लागली. त्यांच्या पद्धतीतील दोन गोष्टी आपल्या विषयाशी जवळच्या आहेत. एक, प्रत्येक साधन वर्गात एकच ठेवायचे. ते दुसऱ्याच्या हाती असेल तर मुलाने थांबायचे. त्या थांबण्यातून त्याला धीर आणि दुसऱ्याच्या कामाचा मान ही दोन्ही शिकता येतात. आपल्याकडे मात्र भांडण नको म्हणून प्रत्येकाला एकेक बाहुली देण्याची रीत पडली आहे. त्यामुळे भांडण मिटते खरे, पण बोलणेही मिटते. अर्थात पंचवीस मुलांत एकच चेंडू ठेवला तर तेथे बलवंताचे राज्य होईल. किती वस्तू ठेवायच्या हे बाईंनी मुलांकडे पाहूनच ठरवावे लागते. दुसरी गोष्ट, तीन ते सहा वर्षांची मुले एकाच वर्गात ठेवणे. आपण नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर असे मजले चढवून मुलांना वयावारी वेगळे करतो. आमच्या बालवाडीत जागाच एक खोली असल्याने सगळी एकत्र असतात. त्या अडचणीचा फायदा असा झाला की साडेपाच वर्षांची मुले हळूहळू थोरली ताई आणि दादा होऊ लागली.

आणखी एक सवय आहे, जिच्यात आपण कोणीच काही वावगे मानत नाही. "मुलांची रांग इकडे, मुलींची रांग तिकडे." मीही इतकी वर्षे ते वाक्य बालशाळांतून ऐकत आले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन या दोन संशोधिकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला माझ्या सुनेने वाचून दाखविला. तीन ते पाच वर्षांची ५७ मुले होती. काही वर्गांत शिक्षिकांनी दोन आठवडे मुलगे-मुली हा भेद बोलण्यात आणि व्यवस्थेत सतत पुढे आणला. वेगळ्या रांगा, वेगळे फलक, अभिवादनातही वेगळा उल्लेख. मुलगे शूर, मुली हळव्या, असे काही त्यांनी शिकवले नाही. दोन गटांत चढाओढही लावली नाही. इतर वर्गांत हा उल्लेख टाळला गेला. दोन आठवड्यांनंतर पहिल्या वर्गांतील मुले भिन्न लिंगाच्या सोबत्यांशी पूर्वीपेक्षा कमी खेळू लागली होती आणि त्यांच्याविषयीचे त्यांचे मतही उणावले होते. नुसत्या रांगेने हे केले! मुलाला वाटते, ज्या अर्थी बाई हा भेद रोज मोजतात त्या अर्थी तो मोठा असला पाहिजे. आमच्या टीचरने रांगेची रीत बदलली. आज ज्यांनी डब्यात पोळी आणली ते पुढे, उद्या ज्यांच्या कपड्यांत हिरवा रंग आहे ते. मुले रोज नव्या शेजाऱ्याचा हात धरतात. जे रांगेला लागू, तेच भाषेला, गावाला, सोसायटीला आणि धर्मालाही लागू आहे.

कोणी म्हणेल, मुलांच्या खेळात मोठ्यांनी इतके लक्ष घालावे तरी का? मैत्री काय हुकमाने होते? प्रश्न रास्त आहे. शिकागो येथील बालशिक्षिका व्हिव्हियन पेली यांना याच प्रश्नाने बरीच वर्षे सतावले. काही मुले रोज इतरांना नाकारतात आणि काही रोज नाकारली जातात, हे पाहून त्यांनी वर्गात एक नियम मांडला: खेळायला आलेल्याला 'तू खेळायचे नाहीस' असे म्हणता येणार नाही. नियम लादण्यापूर्वी त्यांनी मुलांशी, अगदी वरच्या इयत्तांतील मुलांशीही, त्याची न्याय्यता चर्चिली. त्या अनुभवावरचे त्यांचे पुस्तक १९९२ साली निघाले. माझे मत असे आहे की मैत्री हुकमाने होत नाही, पण जागा देता येते. कोणाशी जीव जडावा हे मुलाचे स्वातंत्र्य. कोणालाही दाराबाहेर ठेवू नये ही वर्गाची शिस्त. मात्र मांजराच्या गोष्टीने दाखविले तसा नुसता नियम पुरत नाही. नियम दार उघडतो; आत गेल्यावर मुलाच्या हाती काहीतरी काम द्यावे लागते, आणि तो भाग बाईंच्या कल्पकतेचा.

शुभवर्तमानात प्रभू येशूने आपल्या पिढीला बाजारात बसलेल्या मुलांची उपमा दिली आहे. एक गट पावा वाजवतो तर दुसरा नाचत नाही; शोकगीत गातो तर दुसरा रडत नाही. लग्नाचा खेळही नको आणि मयताचाही नको! तो उतारा वाचताना मला नेहमी वाटते की नाझरेथच्या त्या सुताराने मुलांचे खेळ आणि त्यांचे रुसवे उभे राहून पाहिले असले पाहिजेत. त्याशिवाय इतके नेमके वर्णन सुचत नाही. एकाने साद घालावी आणि दुसऱ्याने प्रतिसाद न द्यावा, हे दुःख त्याला इतके मोठे वाटले की देवाच्या निमंत्रणाला नकार देणाऱ्या माणसांसाठी त्याने तीच उपमा निवडली. मग आपण मुलांच्या खेळाला क्षुल्लक कसे म्हणावे?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया मानला, आणि २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या आराखड्याने खेळाला शिकण्याच्या केंद्रस्थानी ठेवले. कागदावर हे उत्तम झाले. परंतु बारा वाजता दाराशी आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न अजून "आज काय लिहिले?" हाच असतो. टीचर बिचारी दोन मन्वंतरांत सापडते. मुलांना वाळूत सोडावे तर पालक म्हणतात, नुसते खेळवतात. पाटीवर बसवावे तर खेळ बुडतो. ज्या सकाळी तिने त्या मुलीसाठी घमेली मांडली, त्या सकाळी वहीत एकही अक्षर उमटले नव्हते. त्या दिवशी काय शिकवले, असे कोणी विचारले असते तर तिला उत्तर देणे अवघड गेले असते.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील तरुण आईबापांना या म्हातारीची एक विनंती आहे. बालवाडी निवडताना भिंतीवरची चित्रे आणि इंग्रजी गाणी जरूर पाहावीत. पण मुक्त खेळाच्या वेळी पंधरा मिनिटे दाराशी थांबावे. बाई कोठे बसल्या आहेत? त्यांचा डोळा कडेला उभ्या असलेल्या मुलाकडे जातो का? भांडण झाले की त्या किती वेळ थांबतात? आणि मूल घरी आल्यावर वहीआधी त्याला विचारावे, "आज कोणाबरोबर खेळलास?" दोन-चार दिवसांनी आणखी एक प्रश्न विचारावा, "आणि एकटे कोण होते?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मूल चटकन देईल. दुसऱ्याचे उत्तर द्यायला त्याला उद्या वर्गात जाऊन नीट पाहावे लागेल.